मार्करचा हात

बॉल माझा नव्हता, तरी मी धावले. गेल्या मंगळवारची गोष्ट. महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या कॉलनीत टेनिसचं कोर्ट आहे. सकाळचे सात वाजून गेले होते, माझा सराव आटपून मी कोपऱ्यातल्या बाकावर बुटाची लेस सोडत बसले होते, आणि कोर्टावर नवीन आलेले मॅनेजर साहेब बायकोबरोबर खेळत होते. त्यांचा बॉल उडाला, जाळीला आदळला आणि लांब माझ्या बाजूला घरंगळत गेला. "बॉल!" ते ओरडले. एवढंच. माझं नाव त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. आणि मी एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, अशी सुटले. बॉल उचलला, रॅकेटवर घेतला आणि त्यांच्या उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर, अगदी आयता दिला. ते थँक्यूसुद्धा म्हणाले. मी परत बाकावर येऊन बसले, लेस हातात घेतली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की धावायचं मी ठरवलंच नव्हतं. पाय आधी गेले, मी त्यांच्या मागून गेले. रविवारपर्यंत मला ठरवायचं होतं की टेनिस हाच धंदा करायचा का. म्हणजे स्पर्धा खेळत देशोदेशी हिंडायचं, जिंकायचं, त्यावरच जगायचं. आणि इथे कुणीही बॉल म्हणून हाक मारली की मॅडम मोज्यावर पळत होत्या. खरं तर हसू यायला हवं होतं, पण तळपाय गार पडले होते.

माझे बाबा मार्कर होते. स्पर्धांत भेटणाऱ्या पुण्याच्या मुलींना हे समजावून सांगावं लागतं. क्लबात ज्या मेंबराला जोडीदार मिळत नाही त्याच्याशी खेळायला पगारी माणूस ठेवतात, तो मार्कर. बाबा सतराव्या वर्षी आमच्या गावाहून, कापड्याहून, मुंबईला गेले, एका जिमखान्यात आधी बॉल वेचले, मग रोलर ओढला, मग कुणीतरी हातात जुनी रॅकेट दिली, आणि पुढे ते साहेब लोकांशीच खेळले, सगळी मिळून सव्वीस वर्षं. मार्करचं कसब असं की बॉल साहेबांच्या रॅकेटवर जाऊन बसला पाहिजे. साहेब जाडे असोत, म्हातारे असोत, त्यांना बॉल मिळाला पाहिजे आणि वर वाटलंही पाहिजे की आपण काय पळून गाठला! सेट साहेबांनीच जिंकायचा, पण सहा-चार, फार तर सात-पाच. सहा-शून्य हरलं तर साहेबांना कळतं की सदू खेळलाच नाही, आणि ते रागावतात. सदूच म्हणायचे त्यांना सगळे, दुधाचे दात न पडलेली पोरंसुद्धा. बॉल रेषेवर पडला का बाहेर अशी शंका आली तर तो साहेबांचा. आणि चुकून एखादा बॉल साहेबांच्या आवाक्याबाहेर गेलाच, तर लगेच म्हणायचं, सॉरी, साहेब. बाबा हे सगळं जेवताना रंगवून सांगायचे, साहेबांच्या चालीच्या नकला करायचे, आणि मी हसून हसून ठसका लागेपर्यंत ऐकायचे. आता त्याच गोष्टी आठवल्या की हसू येत नाही.

मी सात वर्षांची असताना बाबांचा गुडघा गेला आणि जिमखान्यानं बॉल फेकायचं मशीन आणलं, दोन्ही एकाच महिन्यात. बाबा गावी आले. कॉलनीच्या या कोर्टाची देखभाल त्यांना मिळाली: झाडायचं, रेषा रंगवायच्या, नेट ताणायचं. बदल्यात साडेपाच ते सात कोर्ट आमचं. बाबांच्या मोटरसायकलवर मागे बसून, कापड्याहून पोलादपूर आणि पोलादपूरहून हायवेनं महाड, पुढच्या ट्रकांचे लाल दिवे बघत मी लहानाची मोठी झाले. कारखान्यांचा तो आंबूस वास आला की अजूनही माझं मनगट आपोआप मोकळं होतं. आम्ही कधी मॅच खेळलो नाही. आम्ही टप्पे मोजायचो, बॉल न चुकता किती वेळा इकडून तिकडे जातो ते. पहिल्या वर्षी नऊ. मग चाळीस, मग शंभर. आणि मागच्या वर्षीच्या दिवाळीत तीनशे बारा. तीनशे बारा, काय समजलात! तीनशे तेरावा नेटमध्ये गेला तेव्हा आम्ही दोघं कोर्टावर फतकल मारून बसलो आणि पोट दुखेपर्यंत हसलो. मला वाटायचं हेच टेनिस. समोरच्याला नीट बॉल पोचवायचा. माझ्याइतका स्वच्छ बॉल मारणारी पोर जिल्ह्यात नाही म्हणायचे, आणि मी राज्यापर्यंत जिंकत गेलेसुद्धा, कारण तिथपर्यंत समोरच्या मुली आपणहून चुकतात. त्याच्या वर कुणी आपणहून चुकत नाही. तिथे मारावं लागतं.

सप्टेंबरात पुण्याला ती मॅच झाली. तिसरा सेट, पाच-चार, चाळीस-तीस, सर्व्हिस माझी. एक पॉइंट घेतला की संपलं. समोरची मुलगी धावताना घसरली आणि एका गुडघ्यावर बसली. बॉल माझ्याकडे आला तो असा हळू, उंच, ताटात वाढल्यासारखा. अख्खं डावं कोर्ट मोकळं पडलं होतं. माझ्या आईनं डोळे मिटून मारला असता तरी चाललं असतं. आणि मी तो बॉल तिला दिला. ती जिथे पडली होती तिथेच, तिच्या फोरहँडला, कमरेच्या उंचीवर. ती उठली आणि तिनं तो माझ्या बाजूनं असा काढला की मी बघतच राहिले. तिथून जे बॉल चुकत गेले ते सेट जाईपर्यंत. सगळे म्हणाले, पोरीला दडपण आलं. आईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. मलाही दडपणच वाटलं होतं. बुद्धरत्न सरांना तसं वाटलं नाही. ते मूळचे महाडचेच, पुण्यात अकॅडमी चालवतात, बोलायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. त्यांनी मला बोलावलं आणि मोबाईलवर व्हिडिओ लावला. "हात बघ," म्हणाले. "घाबरलेला हात आखडतो. हा आखडलाय?" नव्हता आखडला. मोकळा, मऊ, सुंदर हात होता. "तू बघून दिलायस तिला." मग त्यांनी दुसरा तुकडा लावला. मी मारलेला एक बॉल त्या मुलीला चकवून सरळ निघून गेला, माझा पॉइंट. "आता ओठ बघ." ओठ हलले. तिसरा तुकडा, चौथा, जिथे जिथे मी पॉइंट मारला होता तिथे तिथे. आवाज येत नव्हता, पण वाचता येत होतं. सॉरी. आईशप्पथ सांगते, मला ठाऊक नव्हतं. "कुणी शिकवलं तुला?" सरांनी विचारलं. बाबांनी, म्हटलं. "ते काय करायचे?" मी सांगितलं. सर "हं" म्हणाले. ते 'हं' मला अजून ऐकू येतं.

सर म्हणाले, दोन वर्षं दे मला. कॉलेज सोड, इथे राहा, मी पाठवीन तिथे खेळ. होईलच असं सांगत नाही, शंभरातली एखादी होते, उरलेल्या नव्व्याण्णव कुठे जातात ते मी बघितलेलं आहे. आणि एक अट. दोन वर्षं बाबांबरोबर खेळायचं नाही. गावी गेलीस तरी नाही, गंमत म्हणून नाही, एक बॉलसुद्धा नाही. "हात विसरायला वेळ लागतो," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे दुसरीकडे वळवले. मी मान हलवली. मान हलवायला माझं काय जातं, मी कुणालाही काहीही देते.

घरी मी अकॅडमीचं सांगितलं आणि अटीबद्दल मूग गिळून बसले. बाबांना काय सांगू? की तुम्ही मला लागण केलीत म्हणून तुमच्यापासून लांब ठेवणार आहेत? त्यात दिवाळीनंतर जिमखान्याचा फोन आला. बाबांनीच तिकडे जुन्या सेक्रेटरींच्या कानावर घालून ठेवलं होतं. लहान मुलांना शिकवायला कोच हवी, राहायला खोली, रविवारपर्यंत कळवा. बाबा काय खूश झाले! ताटावरून उठून अंगणात जाऊन आले. "कोच गो! मार्कर नाय, कोच. गळ्यात शिटी, पांढरा टी-शर्ट. मॅडम म्हनतील तुला. मी सव्वीस वर्षं मागच्या गेटनं गेलो, तू पुढच्या गेटनं जाशील, वॉचमन सलाम ठोकंल." मी म्हटलं, आणि पुणं? त्यांचा चेहरा उतरला. "तुझं तू बघ. पन मी बघितलंय गो." त्यांनी बघितलं होतं ते मला पाठ आहे. एक मुलगा मोठमोठ्या स्पर्धा खेळायला बाहेर गेला होता, पेपरात फोटो यायचे, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी खांद्याला पट्टी बांधून परत आला तो बाबांच्या शेजारच्या कोर्टावर मार्कर म्हणून उभा राहिला. "माझ्यापेक्षा लाखपट भारी. पन त्याला बॉल देता येईना. सायबांना मारायचा. तीन महिन्यांत काढला त्याला. बॅग घेऊन गेटात उभा होता, कुठं जायचं तेच कळेना त्याला." बाबा इतक्या हळू सांगायचे हे, की मला त्या मुलाचं तोंड दिसायचं. मला त्याची भीती वाटायची. पण आता आणखी एक भीती येऊन बसली होती, आणि ती मनातल्या मनात म्हणायलाही मी धजत नव्हते. त्या मुलासारखं होण्याची भीती जास्त, का बाबांसारखं होण्याची? हा प्रश्न पहिल्यांदा मनात आला तेव्हा मी बाबांचेच बूट पुसत होते. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. ज्या माणसानं दुखऱ्या गुडघ्यावर बारा वर्षं तुझे बॉल परत केले, त्याच्यासारखं व्हायची भीती! कृतघ्न कार्टी.

शुक्रवारी आईबरोबर झोडणीला उभी राहिले. भाताची पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर न्यायची आणि फळीवर आपटायची, दाणे सुटून खाली पडतात, रिकामा पेंढा बाजूला. माझी सर्व्हिस या खळ्यातूनच आलेली आहे. लहानपणी मला बॉल डोक्यावरून मारता येईना तेव्हा बाबा म्हणाले होते, आई पेंढी मारते तशी मार, आणि जमलं. आईच्या दोन घावांत पेंढी रिकामी होते. माझ्या पेंढीत त्या दिवशी चार घावांनंतरही दाणे राहत होते. "गोंजारतेस काय गो तिला?" आई म्हणाली. "मारायची तर मार, नायतर ठेव खाली. माझं काम दुप्पट करू नको." मी पेंढी खाली ठेवली आणि विचारलं, आई, तू सांग, कुठे जाऊ? "मला काय कळतं तुमच्या टेनिसातलं?" ती म्हणाली. दोन पेंढ्या झोडल्या. मग फळीकडे बघतच म्हणाली, "एकदा गेलते मी मुंबईला, तू पोटात होतीस. जाळीच्या बाहेर उभी राहून बघितलं तुझ्या बाबांना. समोर म्हातारा सायब, चार पावलं धड पळंना, आणि हे हरले त्याला. मी म्हटलं, ओ, असं कसं हरलात? तर हसले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला नाय आवडलं ते हसनं." एकोणीस वर्षांत आई मला हे कधी बोलली नव्हती. पुढची पेंढी तिनं इतक्या जोरात आपटली की दाणे माझ्या पायांवर येऊन पडले.

शनिवारी काम काढून मी पोलादपूरला गेले, आणि काम नव्हतंच म्हणून स्टँडवर बसून राहिले. एक गाडी मुंबईची लागली होती. दुसरी आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जाणारी, तिथून पुढे पुणं. दोन्हीकडे बघून सारखीच भीती वाटत होती. मुंबईच्या गाडीत मी स्वतःला बसलेली बघू शकत होते, शिटी, टी-शर्ट, समोर पोरांची रांग, आणि प्रत्येकाच्या रॅकेटवर नेमका पडणारा माझा सुंदर बॉल. पन्नास वर्षांची होईपर्यंत. दुसऱ्या गाडीत बघायला गेले की एक अनोळखी गाव दिसायचं, अनोळखी कोर्ट, बाकावर कुणी नाही. मी बॉल मारते आणि तो जातो. परत येत नाही. भीती कशाची आहे ते मला त्या बाकड्यावर कळलं, आणि मी पोटाशी हात धरून वाकले. जिंकणं म्हणजे बॉल परत न येणं. बारा वर्षं मी मारला तो प्रत्येक बॉल बाबांनी परत आणून दिला होता. समोर कुणीतरी आहे हे मला बॉलमुळेच कळायचं. तो परत आलाच नाही तर समोर कुणी आहे हे कशावरून समजायचं? शेजारच्या बाईनं विचारलं, "काय गो, बरं नाय काय? गाडी लागते?" मी हो म्हटलं. तिनं पिशवीतून आवळासुपारी काढून दिली. दोन्ही गाड्या निघून गेल्यावर मी घरी आले.

रविवारी कोर्टावर धुकं होतं. नदीकडून येतं ते थंडीच्या दिवसांत, नेटच्या पलीकडचं धड दिसत नाही. बाबांनी कोर्ट झाडलं, मी नेट ताणलं, आणि नेहमीसारखे टप्पे सुरू केले. बाबा मोजत होते. धुक्यातून बॉल यायचा, माझ्या कमरेशी, जिथे हवा तिथे, आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं. सेहेचाळीसला मी बॉल हातानं धरला. "काय झालं?" बाबा म्हणाले. मी सांगून टाकलं, एका दमात, अट, 'हं', ओठ हललेले, सगळं. आता ते चिडतील, नाहीतर गप्प होतील, नाहीतर, सगळ्यात वाईट, हसतील. ते नेटजवळ आले. रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करत उभे राहिले. "बरोबर हाय त्याचं," ते म्हणाले. मग, "हात बिघडवला मी तुझा."

"असं नका हो बोलू, बाबा."

"बिघडवला. मला दुसरं येत नव्हतं, जे येत होतं ते दिलं." त्यांनी माझ्या हातातला बॉल घेतला. "आज टप्पे नाय. आज मोजून खेळू. दहाचा टाय-ब्रेक, आधी दहा करंल तो जिंकला, पन दोनचा फरक पायजे. आणि ऐक, मी देनार नाय तुला. एक पन नाय."

"गुडघ्याचं काय?"

"गुडघ्याचं गुडघा बघंल. जा मागं."

मागे जाता जाता मी मनाशी म्हटलं, जिंकले तर पुणं, हरले तर जिमखाना. असं काही ठरवलं की बरं वाटतं, आपल्या डोक्यावरचं ओझं दुसऱ्या कशावर तरी ठेवता येतं. भित्र्या माणसांची युक्ती आहे ही, मला बऱ्याच ठाऊक आहेत.

पहिला बॉल आला तो जमिनीला चिकटून. टप्पा पडल्यावर उठलाच नाही, मी वाकले तोवर दुसऱ्यांदा पडला होता. दुसरा माझ्या पोटावर, कुठे सरकावं कळेना. तिसरा नेटच्या अलीकडे टपकला आणि मी धावत जाऊन नेटमध्ये घातला. तीन-शून्य. धुक्याच्या पलीकडे कोण उभं आहे मला कळेना. बारा वर्षांत एकही असा बॉल माझ्याकडे आला नव्हता. मी कुठे कच्ची आहे ते या माणसाला सगळं ठाऊक होतं, बारा वर्षं त्यानं नेमकं तिथेच मारायचं टाळलं होतं, आणि आता तो नेमका तिथेच मारत होता. घाबरून मी जोर लावला. एकोणीस वर्षांचे पाय होते माझे, ते कामाला आले. त्यांना इकडून तिकडे पळवलं, त्यांचा श्वास मला ऐकू यायला लागला, धुकं विरळ होऊन गुडघ्यावर टेकलेला हात दिसायला लागला. चार-सहा, सहा-सात, आठ-आठ. मग त्यांचा एक बॉल बाहेर गेला. नऊ-आठ, मी पुढे. मॅच पॉइंट.

आणि तो आला. हळू, उंच. बाबा डाव्या कोपऱ्यात गुडघा धरून अडकले होते, उजवीकडे सगळं कोर्ट रिकामं. मला पुणं आठवलं, तो व्हिडिओ आठवला, मी हाताला अगदी मनात शब्द उच्चारून सांगितलं, उजवीकडे. हात गेला. मोकळा, मऊ, सुंदर. बॉल बाबांच्या फोरहँडला गेला, कमरेच्या उंचीवर, आणि तो जाताना मी बघत होते, माझाच हात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. बाबांनी तो कोपऱ्यात हाणला. नऊ-नऊ.

"दिलास!" ते ओरडले. धापा टाकत होते, चेहरा लाल झाला होता, मी कोर्टावर त्यांना रागावलेलं कधीच पाहिलं नव्हतं. "मला कशाला दिलास? मी मागितला होता काय? मार ना गो!"

पुढचा मी नेटमध्ये मारला. दहा-नऊ, ते पुढे. माझे डोळे भरले होते, समोरचं नीट दिसत नव्हतं, आणि मग मला राग आला. स्वतःचा, बाबांचा, त्या साहेबांचा, बॉल म्हणून ओरडणाऱ्या सगळ्यांचा. मी मारला. आई पेंढी मारते तसा, दाणा शिल्लक न ठेवता, त्यांच्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. तो परत यायचा नव्हता, मला तो लागल्यालागल्याच कळलं. आणि बाबा धावले. त्या गुडघ्यावर कसे पोचले देव जाणे, पण पोचले, आणि हात लांब करून त्यांनी तो रेषेला समांतर असा सोडला की माझ्या शेजारून गेला तेव्हा मला फक्त वारा लागला. त्यांनीच रंगवलेल्या रेषेच्या दोन बोटं आत पडला. अकरा-नऊ.

"सॉरी, साहेब," बाबा म्हणाले.

शिंक यावी तसं आलं ते. त्यांना ऐकूसुद्धा गेलं नव्हतं. ते लंगडत लंगडत बॉल गोळा करायला लागले होते, बुटाची कड आणि रॅकेट यांच्यात एकेक बॉल उचलून. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नाही. घाटाची नाही, परमुलखाची नाही, बॅग घेऊन गेटात उभ्या राहिलेल्या त्या मुलाचीही नाही. पंचावन्न वर्षांचा माणूस जन्मात पहिल्यांदा जिंकला, पोटच्या मुलीशी, धुक्यात, चिटपाखरू बघत नसताना, आणि त्यानं माफी मागितली. हरले तर जिमखाना असं मी ठरवलं होतं ना? ते मी तिथल्या तिथे मोडलं. युक्ती गेली खड्ड्यात.

मी नेटजवळ गेले आणि हात पुढे केला. बाबांनी हाताकडे पाहिलं, आणि त्यात दोन बॉल ठेवले. "घे. तुझी सर्व्हिस."

मी बॉल खिशात टाकले आणि पुन्हा हात पुढे केला. "बाबा, हात द्या. मॅच संपली."

त्यांना समजायला वेळ लागला. साहेब लोक खेळ संपल्यावर नेटवरून एकमेकांना हात देत, तेव्हा ते बॉलची बादली घेऊन बाजूला उभे असायचे. त्यांनी तळवा पँटला पुसला, दोनदा, आणि मग दिला. घट्टे पडलेला, ओला, गरम हात. "कितीला संपली?" त्यांनी विचारलं.

"अकरा-नऊ."

"कोन जिंकलं?"

"तुम्ही."

"मी?" ते म्हणाले. मग त्यांनी मान वळवून कॉलनीच्या खिडक्यांकडे पाहिलं. "कुनाला सांगू नको हां."

"सांगणार," मी म्हणाले. "पुण्याला जाऊन पहिलं हेच सांगणार. मी सरांना फोन करते, बाबा. मी चालले. दोन वर्षं तुमच्याशी खेळणार नाही."

बाबांनी मान हलवली. ओठ घट्ट मिटले होते. "आईला नेत जा मॅच बघायला," ते म्हणाले. "तिला आवडंल."

तेवढ्यात पलीकडच्या सरावाच्या भिंतीकडून धप्प धप्प आवाज यायला लागला. मॅनेजर साहेब आज लवकर आले होते. धुक्यातून एक बॉल घरंगळत आला, जाळीच्या दारातून आत आला आणि आमच्या दोघांच्या मध्ये, नेटखाली येऊन थांबला. "सदू, बॉल!" साहेब ओरडले. बाबांचे पाय निघाले, मला ते अजून माझ्या हातात असलेल्या त्यांच्या हातातून कळलं, सगळं अंग तिकडे ओढलं गेलं. आणि माझेही पाय निघाले होते, खोटं कशाला बोलू. मी ते जमिनीत रोवल्यासारखे दाबून धरले.

"गो, सोड, सायब बोलावतायत," बाबा हळूच म्हणाले. ते घाबरले होते. मीही घाबरले होते, तेवढीच.

साहेबांनी पुन्हा हाक मारली. मी हात सोडला नाही.